जळू समजून

चंदगड,
१८ ऑगस्ट २००५

प्रिय ज्ञानू,

आठ वर्षांनी दाजीचं पत्र बघून तुला राग येईल, पण शेवटपर्यंत वाच. तुझा भाचा पृथ्वीराज बरा आहे, बेळगावला नोकरीला लागला. नाकातली गाठ परत आली नाही.

त्या पावसाळ्यात त्याचा घोळणा सारखा फुटायचा. आम्ही कांदा हुंगवला, गूळ बंद केला. मग एकदा नाकपुडीत लालजांभळं, गुळगुळीत काही दिसलं. मला वाटलं, ओढ्यावर पाणी पिताना जळू शिरली. गुरांच्या नाकातल्या जळवा तूच काढायचास, म्हणून तुला बोलावलं. तू नाकापुढं पाण्याची वाटी धरलीस आणि म्हणालास, "दाजी, जळू पाण्याकडं येती. ही हलंना. डॉक्टरला दाखवूया की." मी म्हणालो, "बायकागत भितोस व्हय? ओढ." तू चिमटा लावलास.

रक्त थांबेना, म्हणून जीपनं कोल्हापूर गाठलं. डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, ही रक्तवाहिन्यांची गाठ, कॅन्सर नाही. वयात येणाऱ्या मुलांना क्वचित होते. तपासायला हिचा तुकडासुद्धा काढायचा नसतो. मग विचारलं, "ओढलं कुणी?" तुझी आक्का शेजारी उभी होती. मी तुझं नाव सांगितलं. ते खोटं नव्हतं, म्हणून त्याच्या आड राहता आलं. तू रक्त देऊन आलास, दंडावर कापूस होता, आणि आक्का म्हणाली, "माझ्या दारात पाय ठेवू नकोस." तू माझ्याकडं बघितलंस. मी खाली बघितलं. तू इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला निघून गेलास. ऑपरेशन होऊन पोरगा बरा झाला, तरी भाऊबीजेला तिनं तुझं नाव काढू दिलं नाही.

यंदा तिच्या किडन्या गेल्या. गेल्या महिन्यात मी तिला खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग बोलवा की त्याला." मी दोनदा एसटीडी बूथवर गेलो. तुझ्या कारखान्याचा नंबर खिशात होता. तुझ्याशी काय बोलू, म्हणून दोन्ही वेळा परत आलो, आणि तिला सांगितलं, येतो म्हणाला.

रोज एसटीच्या वेळेला ती उशी उंच करून घ्यायची. रविवारी म्हणाली, "अजून राग हाय त्याला." मी तिची उशी सारखी केली. मंगळवारी ती गेली. तू आला नाहीस, असंच समजून गेली. तिनं तुला बोलावलं होतं, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझाच म्हणायला तोंड नाही,
बाळासो