जावयाने खाते बंद केल्याबाबत

तीर्थस्वरूप नानांस,

जावयाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्तास कागदावरच घालतो आहे). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? सासूबाईंचा खोकला उतरला असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. हे मुद्दाम लिहितो, कारण मी वारल्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेल, तर ती चुकीची आहे.

झालं असं, की मी माझं खातं बंद केलं. बँकेतलं नव्हे, काळजी नसावी. मोबाइलवरचं, जिथे गेली नऊ वर्षं रोज सकाळी आठ वाजता मी एक चित्र टाकत असे आणि त्याखाली सर्वांत आधी तुमचं ‘छान.’ येत असे, पूर्णविरामासकट. (जावयाला चित्रकार म्हणायला तुम्हाला चार वर्षं लागली, त्यामुळे त्या पूर्णविरामाचं मला अप्रूप होतं.) यंदा वसंतात आमच्या खिडकीसमोरच्या झाडाला पानांच्या आधी फुलं आली, जांभळी, आणि इतकी की समोरची इमारत दिसेनाशी झाली, जे सर्वांच्याच सोयीचं होतं. मी चार दिवस बसून ते झाड रंगवलं आणि टाकलं. अकरा जणांना आवडलं. त्याच दिवशी बोट घसरून कुंचले पुसायच्या फडक्याचा फोटोही वर गेला. ते फडकं मी धुऊन दाराच्या कडीला वाळत घातलं होतं, एवढाच त्याचा इतिहास. संध्याकाळपर्यंत ते दोन हजार लोकांना आवडलं आणि एका गृहस्थांनी त्यातल्या अस्वस्थतेवर तीन परिच्छेद लिहिले. यात राग येण्यासारखं काही नव्हतं आणि मला आलाही नाही. पण दोन दिवसांनी, बाहेर झाड फुललेलं असताना, त्याच्याकडे पाठ करून मी एक कोरं फडकं मन लावून मळवत बसलेला स्वतःला सापडलो. मग मात्र पूर्ण विचारांती, शांत चित्ताने, मी ते खातं कायमचं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी आमचे फ्रेमवाले दारात उभे. माझं रोजचं चित्र दिसेना, म्हणून त्यांनी त्यांच्या परीने अर्थ लावला होता. दार तुमच्या लेकीने उघडलं. त्यांनी खाली मान घालून विचारलं, “साहेब गेले?”

“हो, सकाळीच गेले,” ती म्हणाली. (मी कागद आणायला गेलो होतो.)

“कसे गेले?”

“सायकलवरून.”

ते मटकन खुर्चीत बसले. “मी त्यांना सांगत होतो, या वयात सायकल नको.” यावर ती म्हणाली, की ऐकतात कुठे, आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली. तिच्या धीराचं त्यांना फार कौतुक वाटलं, असं नंतर कळलं. मी कागदाची गुंडाळी काखेत मारून घरात शिरलो, तेव्हा ते दुसरा कप पीत होते आणि टेबलावर माझा फोटो उभा होता, सागवानी चौकटीत, काचेसह. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती, मग आनंद आणि शेवटी केलेलं काम फुकट गेल्याची किंचित खंत, असं सगळं क्रमाने येऊन गेलं. चौकट परत न्यायला ते तयार होईनात. मी फोटो काढून तिथे झाड बसवलं; मापात बसलं.

त्यानंतर सकाळचे आठ वाजले की हाताला काम नसे, म्हणून घडीची खुर्ची घेऊन खालीच झाड रंगवत बसू लागलो. आमचा रस्ता झाडणाऱ्या एक बाई आहेत. तोंडावर रुमाल, हातात लांब दांड्याचा झाडू. त्या तीन दिवस माझ्या मागे उभ्या राहून बघून गेल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “वरची फुलं तुम्ही रोज काढताय. खालची काढताना माझी कंबर मोडते, ती कोण बघतंय?” नाना, नऊ वर्षांत इतक्या जवळ उभं राहून माझ्या चित्राबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. मी खुर्ची वळवली. फुटपाथवर चिकटलेल्या पाकळ्या, गटाराच्या जाळीत अडकलेला जांभळा चिखल, त्यांनी लावलेले ढीग, आणि पुढच्या झुळकेने त्या ढिगांचं जे काही होत असे ते, असं सगळं काढत गेलो. महिन्याभरात चौदा चित्रं झाली. (कंबर माझीही त्यातच धरली. त्या बाई म्हणाल्या, आता कळलं.) एका चित्रात त्या पाठमोऱ्या आहेत. ते बघून त्यांनी फक्त झाडू चुकीच्या हातात असल्याचं दाखवून दिलं. मी हात बदलला.

ती चित्रं चौकटीसाठी गेली आणि तिथे एका चित्रदालनाच्या मालकीणबाईंनी पाहिली. पुढच्या महिन्यात प्रदर्शन भरवू म्हणतात. एकंदरीत, प्रसिद्धीचा मोह सोडला की मन निवांत होतं आणि माणसाला कशाचीच गरज उरत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो. सासूबाईंना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (व्यवसायाची निवड सोडून),
जावई

ता. क. मालकीणबाईंना माझ्या नऊ वर्षांच्या कामाची चित्रवार नोंद हवी आहे, नाहीतर प्रदर्शन होणार नाही. ती नोंद फक्त त्या खात्यात होती.

ता. क. २ वर ‘पूर्ण विचारांती’ लिहिलं आहे. तिथे ‘तात्पुरतं बंद’ आणि ‘कायमचं बंद’ अशी दोन बटणं एकाखाली एक होती. तुमची लेक दिवसभर लोकांचे डोळे तपासते. तिच्या नवऱ्याने चष्मा लावला नव्हता.

ता. क. ३ मला काल रात्रीच तिच्याकडून कळलं, की माझं प्रत्येक चित्र तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणता, तारीख घालून फाइलला लावता आणि मागे शेरा लिहिता. अशा सात फाइली तुमच्या कपाटात आहेत म्हणे. त्या घेऊन तुम्ही दोघं प्रदर्शनाला याल का? शेरे तिने वाचले आहेत, पण मला सांगत नाही. कृपया ते खोडू नयेत.