डबा बडवणारी पोरं

१२ मे, रविवार

काल परत दात काळा केला. परत तोच चौकड्यांचा झगा, तीच चिंध्यांची टोपी. डबल बास, म्हणजे ते माणसाएवढं तंतुवाद्य, वाजवणाऱ्यानं विदूषक व्हायचं ही जुनी रीत. पपांच्या काकांच्या बँडमध्येही असंच होतं म्हणे. पपा माईकवर म्हणाले, "ही आमची सून, व्हर्ना. भांडी घासायला लावली की फोडते, म्हणून न फुटणारं काहीतरी दिलंय हातात!" हशा. मी जीभ काढून दाखवली. आणखी हशा.

दर शनिवारी हेच. तंबाखूचं तेच जुनं गुदाम, तीच गाणी, त्याच क्रमानं, धावत धावत. लोक आधीच ओठ हलवायला लागतात. सोडून द्यावं असं कितीदा मनात येतं! पण डार्ल गेल्यापासून पपांना या बँडशिवाय आहे काय? मुलगा गेला, आता सूनही बाजूला झाली तर म्हातारा खचेल.

१५ मे

समोरचं पेंडीचं दुकान बंद पडलंय ना, तिथं चार पोरं सराव करायला आलीत. कपडे वाळत घालताना ऐकलं. बँजो, फिडल — आणि चेलो! आणि एक जण खाणीतला जेवणाचा डबा उपडा घालून काड्यांनी बडवतोय. आधी हसूच आलं.

मग गायला लागले. आपल्या डोंगरातल्या चर्चमध्ये एखादा म्हातारा एक ओळ सांगतो आणि मागून सगळे ती ओढत, लांबवत, ज्याच्या त्याच्या वळणानं म्हणतात — तसं. आजीला पुरताना ऐकलं होतं, तसं. खाली चेलोचा एकच सूर, धरून ठेवलेला. आणि त्यातून एकदम बँजो सुटला, डोंगरावरून दगड सुटावा तसा! डबा त्याच्या मागे.

किती वेळ उभी होते कोण जाणे. खांद्यावर ओली चादर. अंगातले कपडे चिंब.

१६ मे

जेवताना पपांनी विषय काढलाच. "आपल्या ब्लूग्रास संगीतात डबा! उद्या गाय आणतील, धार काढतील तालावर."

हॉबर्ट काका मँडोलिनला तारा चढवत होते. "दादा, बरं वाजवतात की पोरं."

"तू गप. तुला खेचर खिंकाळलं तरी बरं वाटतं."

"म्हणून तर तुझ्याबरोबर वाजवतो इतकी वर्षं."

मी हसले नाही. हसले असते तर मीही ऐकते ते कळलं असतं.

१९ मे, रविवार

दोरीवर एक कपडा नव्हता, तरी गेले. टॅम्सिन म्हणजे ती चेलोवाली, अर्धं डोकं भादरलेली. दारातूनच ओरडली, "ताई, आत या की! दोरीआडून किती दिवस ऐकणार?"

गेले. तिनं हातात गज दिला. आमच्यात बास बोटांनी वाजवायची, गज लावायचा नाही. लावला. तो सूर पोटातून वर आला. डबेवाला पोरगा थांबून बघायला लागला.

टॅम्सिन म्हणाली, "महिनाअखेरीस दौऱ्यावर निघतोय. आम्हाला बास हवीय. विदूषक नकोय."

घरी येऊन बटाटे सोलले. गरजेपेक्षा कितीतरी जास्त!

२२ मे

"पपा, मला जरा—"
"मीठ दे इकडं."
दिलं.

२६ मे, रविवार

काल घात झाला.

शेवटचं धावतं गाणं. पपा पुढं, बँजो ऐन भरात. मी मागं, ठुम — ठुम — ठुम. आणि माझी बोटं मंदावली. मुद्दाम नाही, शप्पथ! त्या पोरांचा लांब सूर डोक्यात होता, तो हातात उतरला. बासनं पाय ओढला की सगळा बँड ओढला जातो. हॉबर्ट काकांचं मँडोलिन अडखळलं. लोकांचे ओठ थांबले.

पपा वळले. मला वाटलं, आता माईकवरच झाडतील. पण त्यांनी माझ्याकडे बघत बँजोची एक खुंटी पिळली, तार उतरवली, आणि माझ्या सुरावर काहीतरी वाजवलं. जुनं, वाकडंतिकडं. मी या घरात कधीच न ऐकलेलं. जरा वेळच. मग खुंटी परत वर, गाणं परत पळायला लागलं.

घरी येऊन गाडीतून उतरलो. फाटकाशी म्हणाले, "कुठून आणलंस ते?"

"चुकले, पपा."

"हं." दार आपटलं.

आता त्या पोरांचं नावसुद्धा काढायची सोय उरली नाही.

२८ मे

पपा काठी घेऊन समोरच्या दुकानात गेले! मी खिडकीशी. भांडायलाच गेले असणार. डबा थांबला. फिडल थांबली. पुढं बराच वेळ काही नाही. आले ते सरळ खोलीत. मक्याचा पाव तसाच राहिला ताटात.

माझ्यामुळं त्या पोरांना बोलणी बसली.

२९ मे

टॅम्सिनला नाही म्हणून आले. "पपांना माझ्याशिवाय जमायचं नाही."

"ताई, ते तर—" एवढं बोलून ओठ चावला तिनं. मग म्हणाली, "त्यांच्याशी एकदा बोला ना."

काय बोलू? चौकड्यांचा झगा धुतला. पिळला. परवानंतर शनिवारच आहे.

३१ मे, शुक्रवार

बिस्किटांचं पीठ मळत होते. पपा बँजोची पेटी घेऊन आले, अंगात चर्चचा कोट. "त्या पोरांबरोबर जातोय. माझ्या आईची गाणी शिकवणार त्यांना. तू शनिवारी वाजवलंस तसल्या सुरावरची."

"आणि आपला बँड?"

"तो होय?" ते खिडकीबाहेर बघायला लागले. "डार्ल गेला. तू एकटी पडू नयेस म्हणून ओढत होतो गं. मी तर कंटाळलोय कधीचा."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

म्हटलं, "त्यांना सांगा, जरा थांबा. हात धुते."