अंजिराला अजून एक वर्ष

धाकटीच्या बाबांना,

येशूची शांती तुमच्या घरात असो, माझ्या डोक्यात सध्या ती नाही.

मी बरी आहे. इथं कामावर इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करताना हाताला चटका बसला होता, तोही सुकला. तुमची चिठ्ठी वाचून दुसरा बसला. गणितात नापास झाली म्हणून पोरीला शाळेतून काढलंत? वर 'हिच्या डोक्यात काही शिरत नाही' असं लिहिता? उपवासकाळात मटण सोडलंत, म्हणून आता लेकीला खाताय का?

काल देवळात अंजिराच्या झाडाचं शुभवर्तमान होतं. इथली भाषा मला नीट कळत नाही, म्हणून खोलीवर येऊन आपल्या बायबलात बोट ठेवून वाचलं. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक म्हणतो, तोडा. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. नुसतं 'थांबा' म्हणाला नाही तो! तुम्हीही पहिल्या बाकावर बसून हेच ऐकलं असेल आणि मान डोलावली असेल.

मला चौथीतून काढलं तेव्हा एकही माळी मधे पडला नाही. एवढं एक पान वाचायला मला अख्खी दुपार लागली.

पत्र मिळताच तिला शाळेत घेऊन जा. संध्याकाळी गणिताला शेजारी बसा, तुम्हाला येत नसलं तरी बसा. जेवते ना ती?

झाड पुढं राहिलं की तोडलं, ते बायबलात लिहिलेलं नाही. आपल्या घरचं मला कळवा. उत्तर तिच्या हातचं पाहिजे.

रागावलेली, पण तुमचीच,
धाकटीची आई