कुलूपवाल्याला कोंडल्यावर

अगं, दार नुसतं लोटलेलं दिसलं म्हणून घाबरू नकोस. चोर नाही, मीच. सिगारेट सोडल्यापासून तलफ आली की मी बाहेर पळतो, म्हणून मला कोंडून किल्ली घेऊन जा, ही अक्कल माझीच. पण जन्मभर कुलपं दुरुस्त करणाऱ्याला कुलूप लावून कोंडतात का? तू जिना उतरली नसशील, तोवर तुझ्या केसांच्या पिनेने दारात बसवलेलं कुलूप आतून उघडलंसुद्धा.

दुकानापर्यंत गेलो. दुकानदाराने न मागताच नेहमीचं पाकीट पुढे केलं. हातात घेतलं, मग तिथेच टाकून पळत घरी आलो. ओढली नाही. हवं तर तोंडाचा वास घेऊन बघ.

आता मागच्या खोलीत जातोय. आतून कडीला कुलूप घालून किल्ली दाराखालून बाहेर सरकवतो. हत्यारांची पेटी आणि ती पिनसुद्धा शेजारच्या काकूंकडे दिली आहे.

सकाळी चहा गार आहे म्हणून तुझ्यावर खेकसलो. चहा गरम होता. हल्ली दिवसभर पिंजऱ्यात येरझाऱ्या घातल्यासारखं होतं, आणि समोर नेमकी तू सापडतेस.

आलीस की आधी जेवून घे. मग माझ्या दाराला टेकून बस आणि काहीही बोलत राहा. मी गोड बोलेन, मग ओरडेन. किल्ली तू देणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. शेवटी रडून फक्त एक पिन मागेन, आणि ती मात्र तू देशील. म्हणून दाराजवळ येताना केस मोकळे सोडून ये.