धड्यातली मोकळी जागा

९ मार्च, सकाळी

ती. ताई,

नमस्कार. तुझी गुडघेदुखी आणि भावोजींची कुरकुर, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते.

इकडे सगळं ठीक. गॅलरीचं दार सुताराने तासून दिलं, आता अडकत नाही. जेवते, झोपते आणि रोज दुपारी तासभर स्पॅनिश शिकते. हसलीस ना? हस.

कॅसेट यांच्याच आहेत. कंपनी यांना दोन वर्षं तिकडे बॉयलर बसवायला पाठवणार होती, मीही जाणार होते, म्हणून हौसेने आणलेल्या. कॅसेटमधली बाई एक वाक्य म्हणते आणि आपल्याला बोलायला थोडी जागा मोकळी सोडते. हे पडले मेकॅनिक. विकतच्या कॅसेटवर काही भरता येऊ नये म्हणून असते त्या खाचेवर चिकटपट्टी लावून यांनी त्या प्रत्येक जागेत स्वतःचा आवाज भरून ठेवलाय. पुस्तक, पंखा, कुत्रा, जे दिसेल ते स्त्रीलिंगी करून टाकतात. मला बाई हसू आवरत नाही. माझं मात्र पक्कं झालंय: मी आहे, तू आहेस, तो आहे.

मंगळवारी तू आलीस, टेप ऐकलीस आणि बसची वेळ झाली म्हणून अर्धा चहा टाकून निघालीस. त्या वेळेला बस नसते, ताई. तुझ्या पत्रातही त्याबद्दल चकार शब्द नाही, नुसतं "घराला कुलूप लाव आणि कायमची आमच्याकडे ये, रविवारी न्यायला येते." म्हणून आता लपवत नाही.

वहीत प्रत्येक धड्यापुढे यांची पेन्सिलची खूण आहे. सहाव्यानंतर नाही. सहावा धडा झाला त्याच आठवड्यात हे गेले. सातव्या धड्याची कॅसेट मी स्वतः बंद वेष्टणातून काढली. तिच्यातल्या मोकळ्या जागाही भरलेल्या आहेत.

भीती नाही वाटली. खरं सांगते, आनंद झाला. मी बोलणं बंद केलं आणि सगळी जागा यांच्यासाठी सोडायला लागले. नवव्या धड्यात बाई विचारते, तुम्ही कुठे आहात? हे म्हणाले, "एस्तोय आकी." मी इथे आहे. जिना चढून आल्यावर बोलायचे तसं, दम खात, अगदी जवळून. तुझ्याकडे यायला मी टाळत होते ते यासाठी. यांना एकट्याला टाकून कशी येऊ?

काल दहावी उघडली. बाईने तोच प्रश्न विचारला. या वेळी दोघांनी मिळून उत्तर दिलं. दुसरा आवाज माझा होता. मी तोंड मिटून बसले होते, ताई, आणि पाच मिनिटांपूर्वीपर्यंत त्या कॅसेटवरचं वेष्टणही निघालं नव्हतं.

आता मात्र घाबरले आहे. रविवारची वाट बघू नकोस, पत्र मिळताच मला न्यायला ये. किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे आहे. टेप चालू असेल तर तिला हात लावू नकोस. आधी मला हाक मार, आणि मी कुठून ओ देते ते नीट ऐक.

अजून तरी तुझीच,
धाकटी