काडीच्या गळ्याचं माप

ता. ५ जानेवारी

ती. आक्कास,

शि. सा. न. चार महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल काय बोलायचं ते समोर आल्यावर बोल. आत्ता काम आहे म्हणून लिहितोय. तुझ्या भाषेत सांगायचं तर गरज पडल्याशिवाय आठवण येत नाही.

काडीला फिरायला नेण्यासाठी नवीन पट्टा, दोरी, काहीतरी हवंय. ऑगस्टअखेरीस ती हिच्या हातातून सुटली, ही तिच्यामागे रस्त्यावर धावली आणि ट्रकखाली आली, तेव्हापासून काडी अंगणाबाहेर पडलेली नव्हती. आता मी नेतो, पण चौकात रस्ता ओलांडायची वेळ आली की खाली बसते ती ढिम्म हलत नाही. अर्धा अर्धा तास. शेवटी बावीस किलोचं धूड उचलून घरी आणतो आणि सगळी गल्ली बघते. दुकानात गळा आवळणाऱ्या साखळ्या मिळतात. विक्रेता म्हणाला, दोन झटक्यांत सुतासारखी सरळ होईल. तुझा धंदा पट्ट्यांचा, म्हणून आधी तुला विचारतो.

एक फळबागवाला माझ्याकडून चष्मा करून नेतो. त्याला राखणीला कुत्रं हवंय. दहा फेब्रुवारीला तो टेम्पो घेऊन येणार आहे. तोवर काडी माझ्याबरोबर तो रस्ता ओलांडायला लागली तर ठेवीन, नाहीतर देऊन टाकीन. तिला बघवत नाही आणि तिच्याशिवाय राहवेल असंही वाटत नाही.

दम्याचं औषध वेळेवर घे. लोभ कमी झाला असेल तर तसं कळव, पण साखळीचंही कळव.

तुझा,
धाकटा


ता. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आणि एक धपाटा, तो पोस्टाने पाठवता येत नाही म्हणून उधार.

साखळीला हात लावलास तर याद राख. घाबरलेल्या जनावराचा गळा आवळला की त्याला एवढंच कळतं की हा चौक खरोखरच वाईट आहे. काट्यांचा पट्टाही नको. आणि ती बटण दाबल्यावर आत-बाहेर होणारी दोरीसुद्धा नको, तिला वाटतं आपण मोकळ्या आणि तुला वाटतं आपण धरलंय. सहा फुटांची साधी चामड्याची दोरी मी देते. त्याबरोबर छातीवरून जाणारा पट्टा, पुढे कडी असलेला. ओढलं की जनावर आपोआप तुझ्याकडे वळतं, गळ्यावर ताण येत नाही. पण पट्ट्याने ती चालणार नाही हेही लिहून ठेव. पट्ट्याने ती फक्त सुखरूप राहील. चालायचं की नाही हे ती तुझ्याकडे बघून ठरवणार.

मापं पाठव. आपल्या वडिलांच्या पद्धतीने सुतळीला गाठी मारून. पहिली गाठ गळ्याची, कानांच्या लगेच मागे. दुसरी डोक्याची, जिथे सगळ्यांत रुंद आहे तिथे. तिसरी छातीची. लोकांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजतोस, मागच्या खेपेस मात्र एकच गाठ मारून सुतळी पाठवली होतीस.

आणि तिचा जुना पट्टा पाठव. मी शिवलेला. मला तो बघायचाय.

टेम्पोवाल्याला एवढ्यात शब्द देऊ नकोस. बागेत राखणीचं कुत्रं म्हणजे जन्मभर खुंटा. तुझ्या मास्तरीणबाईंनी जिला रांगेत चालायला शिकवलं, तिला तू खुंट्याला बांधणार?

जेवतोस ना? माझी माया आहेच, तिच्याबद्दल दरवेळी विचारायचं कारण नाही.

आक्का


ता. १५ जानेवारी

ती. आक्कास,

शि. सा. न. सोबत सुतळी, तीन गाठींची. मोजताना काडी एखाद्या गिऱ्हाइकासारखी शांत उभी राहिली. नंतर सुतळी चाटून बघितली, ओली दिसली तर ते त्यामुळे.

जुना पट्टा सापडत नाही.

दुसरं एक लिहू का? कुणाला सांगितलं तर वेड लागलंय म्हणतील. तूही म्हणशील, पण तू घरातली आहेस. आम्ही तिघं फिरायला जायचो तेव्हा काडी डावीकडे, मध्ये ही आणि उजवीकडे मी. आता आम्ही दोघंच जातो आणि काडी अजून तिथेच चालते. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. मी जवळ सरकलो की ती तेवढीच लांब सरकते. दोरी ताणलेली नसते, मध्ये कुणाच्या तरी हातात असावी तशी नुसती लोंबते. परवा समोरून पोस्टमन आला. फूटपाथ अरुंद आहे. आमच्या मधून सरळ जाता आलं असतं, पण तो खाली रस्त्यावर उतरून वळसा घालून गेला. जाताना मान लववली. मला नाही लववली, आक्का. माझ्या डावीकडे बघून लववली.

संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला काडी उठते, दाराशी जाते, शेपूट हलवते. मग दारापासून टेबलापर्यंत कुणाच्या तरी मागोमाग येते आणि हिच्या खुर्चीखाली बसते. आता मी त्या वेळी दुकानातून घरी येऊन बसतो. घाबरतो असं नाही. खरं सांगायचं तर ती वेळ चुकू नये म्हणून येतो. फूटपाथवर चालतानाही मी डावा हात अंगाशी धरून चालतो, हिला धक्का लागू नये म्हणून.

चौकात मात्र तेच. बसते. मी लाडीगोडी लावतो, ओरडतो, खाऊ दाखवतो. ती मला भीक घालत नाही. मान वर करून माझ्या तोंडाकडे बघते. तेच मला सोसत नाही.

लोभ ठेव, लागणार आहे.

धाकटा


ता. १९ जानेवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद. तुला वेड लागलेलं नाही. लागलं असेल तर आपल्या दोघांनाही लागलंय.

पट्टा सापडत नाही हे मला खरं वाटत नाही. तू चष्म्याचा एक स्क्रू हरवलास तर दुकान उलथंपालथं करतोस. तू तो लपवलायस, आणि का लपवलायस तेही मला कळतंय. माझी शिवण उसवली ना? मला वाचवायला गप्प बसलायस.

ऑगस्टपासून मी गळ्याचा एकही पट्टा शिवलेला नाही. दोऱ्या शिवते, पिशव्या शिवते, खोगिराची डागडुजी करते. गळ्याचं काम आलं की सांगते, डोळे चालत नाहीत. खोटं. आरी हातात घेतली की कडीजवळची शेवटची गाठ आठवते. त्या दिवशी मेणाचा दोरा संपत आला होता. नवीन काढायचा कंटाळा केला आणि आहे त्यात भागवलं. दोन टाके कमी पडले. तिथेच तुटलं असणार. तेराव्याला तुझ्याकडे आले तेव्हा मास्तरीणबाईंच्या फोटोकडे बघायचं धाडस झालं नाही. तुला वाटलं, आक्का किती खंबीर आहे.

इथे कातडं कापताना पाठीमागे कुणीतरी उभं असतं. वह्या तपासताना त्या उभ्या राहायच्या तशा, हात मागे बांधून. मी मागे वळत नाही.

काय झालं ते लिही. तुटला का, एवढंच लिही. माझा जीव टांगणीला लावू नकोस, या वयात तो तिथे फार दिवस टिकणार नाही.

आक्का


ता. २४ जानेवारी

आक्का,

नमस्कार. सोबत पट्टा. बघ, एक टाकाही हललेला नाही. अजून दहा कुत्र्यांचे जन्म काढील तो पट्टा. माझ्या गप्प बसण्याने तू पाच महिने हे डोक्यावर घेऊन बसशील असं माझ्या मनातही आलं नाही. मी तुला वाचवत नव्हतो. स्वतःला वाचवत होतो.

त्या दिवशी काडी सकाळपासून खोकत होती. ही चपला घालत होती. एका गिऱ्हाइकाचा चष्मा द्यायचा राहिला म्हणून मी जाणार नव्हतो. मी वाकून काडीचा पट्टा दोन भोकं सैल केला. वाटलं, बिचारीचा गळा आवळतोय. हिला सांगितलं नाही. विसरलो असंही नाही. हिने पुन्हा घट्ट केला असता म्हणून सांगितलं नाही. चौकात काडी कशाला तरी दचकली, मागे सरकली आणि डोकं काढून मोकळी झाली. हिच्या हातात दोरी आणि रिकामा पट्टा राहिला. तो हातात घेऊनच ही धावली. चौकातल्या पानवाल्याने पाहिलं, त्यानेच मला सांगितलं.

मी मारलं तिला. हे वाक्य लिहायला पाच महिने लागले.

काडीला माहीत आहे. सैल करताना ती माझ्याकडे बघत होती. चौकात वर बघते तेव्हा तसंच बघते.

बागवाल्याला मी येच म्हणून सांगितलंय. आता लोभ असू दे असं लिहायला हात धजत नाही.

धाकटा


ता. २९ जानेवारी

चि. माझ्या धाकट्यास,

अ. उ. आ., आणि ते कधी नव्हे इतके मनापासून.

तुझं पत्र वाचून आधी माझा जीव भांड्यात पडला. माझे टाके धड होते म्हणून. मग त्या जीव भांड्यात पडण्याचीच लाज वाटली. मग तुझ्या तीन गाठींची सुतळी पहिल्यांदाच टेबलावर पसरली आणि पुन्हा पुन्हा मोजली.

नीट वाच. गळ्याच्या गाठीपेक्षा डोक्याची गाठ दोन बोटं अलीकडे आहे. काडीचं डोकं तिच्या गळ्यापेक्षा बारीक आहे. लांब तोंडाच्या या जातीचं तसंच असतं. अशा कुत्र्याला साधा पट्टा कुठल्याही भोकावर लावला तरी मागे रेटा दिला की निघतो. मी तुझा पट्टा त्याच मापाच्या लाकडाच्या ठोकळ्यावर चढवून पाहिला. तू सैल करायच्या आधीच्या भोकावरही निघाला. त्याहून घट्ट केला असता तर तिला श्वास घेता आला नसता. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. लाकूड माझं मन राखत नाही.

तुझी एक गाठ आली तेव्हा डोक्याचं माप मागायचं काम माझं होतं. वडिलांनी मला पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट. कुत्रं कुठल्या जातीचं, एवढंही विचारलं नाही. भावाचं काम, पटकन करून टाकू म्हणून केलं. तेव्हा खापर एकट्याच्या डोक्यावर फोडून घेऊ नकोस. तू न सांगता सैल केलास हे चुकलंच. मी न विचारता कापलं हेही चुकलं. ट्रकवाला वेगात होता. आपण तिघांनी मिळून ती बाई घालवली. त्यातला तुझा वाटा तू उचल, माझा मला उचलू दे.

पार्सलात सरकता पट्टा आहे. ओढ बसली की डोकं निघणार नाही इतपतच आवळतो, त्यापुढे नाही. पाच महिन्यांनी शिवलेला पहिला पट्टा. छातीचा पट्टा आणि दोरीही आहे. दोरीचं एक टोक छातीच्या कडीला, दुसरं गळ्याच्या. एक निसटलं तरी दुसरं धरून ठेवेल. पहिले चार दिवस घरातच घाल.

आणि मला जे सांगितलंस ते मास्तरीणबाईंना सांग. पाच महिने त्यांच्या शेजारून तोंड शिवून चालतोयस. काडी तुझ्याकडे का बघते ते मला माहीत नाही, पण घाबरलेल्या माणसामागून जनावर रस्ता ओलांडत नाही.

जेव. आणि बागवाल्याला थोपव.

आक्का


ता. ६ फेब्रुवारी

ती. आक्कास,

शि. सा. न., आणि या वेळी खरोखरच जमिनीवर डोकं टेकून.

चार दिवस घरात घातलं. काल दुपारी निघालो. काडी डावीकडे, मध्ये ती जागा, मी. चौकात काडी बसली. मी खाली तिच्याजवळ बसलो नाही. त्या मधल्या जागेकडे तोंड करून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मोठ्याने. म्हटलं, चपला घालताना तू पाठमोरी होतीस आणि मी पट्टा सैल केला. तुला कळू नये असं मला वाटत होतं. पानवाला ऐकत होता, रिक्षावाले ऐकत होते. माझं रडणं सगळ्या चौकाने पाहिलं. ट्रक जात होते.

मग काडी उठली. मी ओढलं नाही, काही म्हटलंही नाही. रस्ता मोकळा झाला तेव्हा आम्ही ओलांडला. पलीकडे पोचल्यावर ती सरकली आणि तिचा खांदा माझ्या पायाला लागला. घरापर्यंत तशीच चिकटून चालली. मध्ये बोटभरही जागा नव्हती.

हलकं वाटेल असं वाटलं होतं, आक्का. काहीही हलकं वाटलं नाही. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला मी दाराकडे बघत बसलो. काडी माझ्या पायाशी झोपलेली होती. तिने मान वर केली नाही. मी तिला हलवलं, दार दाखवलं, उघडून धरलं. तिने शेपूट हलवलं ते माझ्याकडे बघून.

बागवाल्याला येऊ नकोस म्हणून सांगितलंय.

जमेल तेव्हा ये, आणि चार दिवस राहायच्या तयारीने ये. घरात आता आम्ही दोघंच आहोत.

तुझाच,
धाकटा