दाढोबा झोपला होता

रोहा,
९ ऑगस्ट १९९७

चि. अनन्या,

तुला भरपूर आशीर्वाद, आईबाबांनाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना दुसरं काम काय? अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. पहिलीपर्यंत तू इथल्याच शाळेत होतीस, तेवढ्यावर वाचता यायला हवं. अडलं तर बाबाला विचार, पण आधी एकटीने शेवटपर्यंत वाच.

मध्ये पेणला माझ्या बहिणीकडे जाऊन आले. तिने तुझ्यासाठी पोह्याचे पापड दिले. तुमच्या मेलबर्नच्या विमानतळावर असलं काही आत सोडत नाहीत, कचऱ्यात टाकतात, असं सांगितलं तर म्हणते, "टाकतात कसले, खात असतील मेले." पापड माझ्याच डब्यात पडलेत. आजोबा गेल्यापासून या घरात दोन तळले की एक उरतो.

काल नागपंचमी झाली. चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून हळदीच्या पानांतल्या पातोळ्या केल्या. दुपारी दारात गारुडी आला. टोपलीतला नाग मलूल होता, आणि तो म्हणे, नागोबाला दूध द्या. मी त्याला असं काही झाडलं की बाजूची माणसं बाहेर आली. आपली कामवाली इंदुबाई, कासू गावची, ती बघतच राहिली. "दरसाल तर वाटी देता गो बाय, यंदा काय झाला?" मी गारुड्याला म्हटलं, "तुला चहा देते बाबा, नागाला काही मिळणार नाही." तो चहा प्यायला आणि गेला. मग मी आत येऊन रडले. इंदुबाईला वाटलं, आजोबांची आठवण आली. मी तिला तसंच वाटू दिलं.

आजोबांचं आणि गारुड्यांचं हाडवैर. शाळेत विज्ञान शिकवायचे ना. दर नागपंचमीला फळ्यावर सापाचं तोंड काढून मुलांना सांगायचे, साप दूध पीत नाही, जबरदस्तीने पाजलं तर ते फुप्फुसात जातं आणि तो मरतो. आणि ते शाळेत गेले की मी मागच्या दाराने वाटी द्यायची. तीस वर्षं ऐकलं आणि तीस वर्षं दिलं.

तुझ्या बाबाचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. त्यात त्याने लिहिलंय की तू अजून रोज कुंपणापाशी दाढोबासाठी पाण्याची ताटली ठेवतेस, थंडीतसुद्धा. सुट्टीत कुठे जायला तयार नाहीस, मागे तो परत आला तर म्हणून. दुसरा आणून देतो म्हटलं तर म्हणालीस, नको, मी निष्काळजी आहे. हे वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

गेल्या वर्षी, आजोबा गेल्यावर, मी तुमच्याकडे आले तेव्हा तो मला मुळीच आवडला नव्हता, ठाऊक आहे? घरात काचेची पेटी, पेटीत अंगभर काटे असलेला सरडा, आणि नात त्याच्या दाढीखाली बोट फिरवते आहे. बिअर्डेड ड्रॅगन म्हणताना माझी जीभ वळेना, म्हणून दाढोबा म्हटलं. मग एप्रिलच्या सुट्टीत आपण गाडीने दूर आत, त्या लाल मातीच्या मुलखात गेलो, आठवतं? तिथे कुंपणाच्या खांबावर एक रानातला बसला होता. बाबाने गाडी थांबवली तर त्याने दाढी फुगवून काळीकुट्ट केली आणि जबडा उघडून आपल्यालाच दटावलं. मी म्हटलं, काय तोरा आहे. आपला मात्र दिव्याच्या उन्हात बसून बारीक चिरलेला पाला खायचा. तू म्हणालीस, "आजी, तो पेटीतच जन्मलाय, त्याला बाहेरचं काही माहीत नाही." मला उगाच त्याची दया आली.

तुम्ही तिघं सकाळी आठला जायचात ते पाचला यायचात. मधले नऊ तास मी आणि तो. शेजारीपाजारी कोणी दिसायचं नाही, फोन वाजला तरी मी उचलायची नाही, इंग्रजी यायचं नाही म्हणून. मी दाढोबाशी बोलायची. आजोबांचं आजारपण मी तुझ्या बाबाला सांगितलं नाही इतकं त्याला सांगितलं. तो मधूनच एक हात उचलून गोल फिरवायचा. मला वाटायचं, हाक मारतोय. तू समजावलंस की ते तसं नाही, तो घाबरून सांगत असतो की मी लहान आहे, मला मारू नका.

जूनच्या शेवटी, तुमच्याकडची थंडी सुरू झाली तेव्हा, तो पेटीतल्या ओंडक्याखाली जाऊन झोपला. तू पुस्तक दाखवलंस. रानातलेही थंडीत असेच झोपतात, त्यांना उठवायचं नाही, खायला घालायचं नाही. मला दोनदा बजावलंस. मी हो म्हटलं.

आणि मग ते घर फार मोठं झालं गं. सात आठवडे मी कोणाशी बोलले नाही. संध्याकाळी तुम्ही दमून यायचात, तुमच्या गप्पा इंग्रजीत सुरू व्हायच्या, मी पोळ्या लाटायची.

गेल्या वर्षीच्या नागपंचमीला तुम्ही गेल्यावर मी पेटी उघडली. तो भुकेला असेल, सणाचा उपाशी कसा ठेवायचा, असं मी मनाला सांगितलं. ते खोटं होतं. मला सोबत हवी होती, म्हणून मी त्याला उठवलं. शालीत गुंडाळून हीटरपाशी बसले. त्याने एक डोळा उघडला. मी चमच्याने दूध पाजायला गेले. त्याने हात उचलला. तोपर्यंत मला त्याचा अर्थ ठाऊक झालेला होता, तरी मी थांबले नाही. दूध नाकातून आलं. दुपारपर्यंत तो गेला.

मी त्याला लिंबाच्या झाडाखाली पुरलं, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या बाजूला. मग आत येऊन पेटीचं झाकण अर्धवट सरकवून उघडं ठेवलं.

संध्याकाळी बाबा तुला रागावला तेव्हा मी चहा गाळत होते. तू रडत म्हणालीस, "मीच नीट लावलं नसेल." मी चहा गाळत राहिले. त्यानंतर तू गल्लीतल्या प्रत्येक खांबावर त्याचं चित्र चिकटवलंस, आणि मी तुझ्याबरोबर चिकटपट्टी धरून फिरले. महिनाभराने विमानात बसले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

ताटली ठेवणं आता बंद कर, बाळा. तो येणार नाही. आणि बाबाला हे पत्र दाखव. त्याने तुझी माफी मागायला हवी, आणि मी तुम्हां दोघांची मागते. हे पत्र पोचल्यावर रविवारी त्याचा फोन येईल तेव्हा तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. मी समजेन. वाईट वाटेल, पण समजेन.

त्या दिवशी सकाळी शाळेत जाताना तू झाकण लावलं होतंस, अनन्या. दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं होतंस. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते.

सहीच्या वर मी नेहमी ‘तुझी’ लिहिते. आज ती जागा मोकळी सोडते. लिहायचं की नाही ते तू ठरव.

मालती आजी